हृदयविकाराचा झटका आणि बिघडलेला ताल



हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीने बंद पडली, की हृदयविकाराचा झटका येतो. मात्र पहिल्या काही तासांत ओढवणारे बरेचसे मृत्यू हृदयाचा ताल बिघडल्यामुळे होतात. रक्ताविना राहिलेल्या स्नायूतील विद्युत्-संदेश विस्कळीत होतात आणि हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. नाडी लागत नाही; काही क्षणांतच शुद्ध हरपते.

हा मृत्यू पुष्कळदा टाळता येतो. छातीवर केवळ हातांनी दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याची रीत अमेरिकेतील कौवेनहोव्हेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी १९६० साली प्रसिद्ध केली. थरथर थांबविणारे विद्युत्-धक्क्याचे यंत्र बेलफास्टच्या डॉ. फ्रँक पॅन्ट्रिज यांनी १९६६ साली रुग्णवाहिकेतून रुग्णाच्या दारी नेले.

पनवेल-उरण परिसरातील जासईसारख्या गावी या गोष्टींचे मोल अधिक आहे. न्हावा-शेवा बंदराच्या अवजड वाहनांची येथे वर्दळ असते. रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटे गावालाच सांभाळावी लागतात. उपचाराविना जाणाऱ्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते.

छातीत दडपण, हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम अशी लक्षणे दिसताच १०८ क्रमांकावर कळवावे. माणूस बेशुद्ध असून नीट श्वास घेत नसेल, तर त्यास कठीण जागी उताणे निजवावे. छातीच्या मध्यभागी तळहातावर तळहात ठेवून मिनिटास १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब द्यावेत. मदत येईपर्यंत थांबू नये. पाणी पाजण्यात वा कांदा हुंगविण्यात वेळ दवडू नये.

रुग्ण घरी परतला तरी धोका पुरता टळत नाही. हृदयावर राहिलेल्या व्रणामुळे पुढेही ताल बिघडू शकतो. धडधड वाढली, घेरी आली, तर तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. हृदय फार दुर्बल झालेल्या काही रुग्णांना शरीरात बसवावयाचे धक्का-यंत्र उपयोगी पडते. असे यंत्र मानवात प्रथम १९८० साली बसविण्यात आले.

ग्रामपंचायतीने व शाळेने आरोग्य केंद्राच्या साहाय्याने छाती-दाबाचे प्रात्यक्षिक दरवर्षी ठेवावे. प्रत्येक वाडीत हे काम जाणणारी चार माणसे असली, तरी एखादे घर उघडे पडण्यावाचून वाचेल.