मज्जातंतूंचा एक चमत्कारिक विकार

जुलाब झाले, दोन दिवस मऊ भात खाल्ला, बरें वाटलें, कीं तें दुखणें विसरून जाण्याची आपल्या घरांत रीत आहे. आणि बहुतेक वेळां त्यांत कांहीं बिघडतहि नाहीं. परंतु क्वचित् प्रसंगीं आठ-पंधरा दिवसांनीं त्याच माणसाच्या पायांना मुंग्या येतात, जिना चढतांना गुडघे लटपटतात, आणि ही दुर्बलता वर चढत हातांपर्यंत, कधीं श्वासाच्या स्नायूंपर्यंतहि पोंचते. १९१६ सालीं गीयाँ, बारे व स्ट्रोल या फ्रेंच वैद्यांनीं दोन सैनिकांच्या ठिकाणीं हा विकार वर्णिला. वृत्तपत्रांतून तो ‘जीबीएस’ या नांवानें परिचित झाला आहे.

याचें एक प्रमुख कारण कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नांवाचा जंतु. कोंबडीचें अर्धकच्चें मांस, न तापविलेलें दूध व दूषित पाणी हीं त्याचीं वाहनें. या जंतूच्या आवरणावरील शर्करेची घडण आणि आपल्या मज्जातंतूंवरील कांहीं द्रव्यांची घडण यांत विलक्षण साम्य असतें. जंतूंच्या नाशासाठीं शरीरानें निर्माण केलेलीं प्रतिद्रव्यें त्या साम्यानें फसतात. चोराचा पाठलाग करणाऱ्या पहारेकऱ्यानें तशाच रंगाचें पागोटें बांधलेल्या घरधन्यासच झोडपावें, तसा हा प्रकार. चोर केव्हांच पळालेला असतो; म्हणून जंतुनाशक औषधानें ही दुर्बलता हटत नाहीं.

या जंतूची बाधा झालेल्या सुमारें हजारांत एकासच हा विकार जडतो. पण एकाच भागांत पुष्कळांना बाधा झाली, तर दुर्मिळ गोष्टहि दारीं येते. जानेवारी २०२५ मध्यें पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडील नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत तेंच घडलें. पुढें पुणें परिसरांतील संशयित रुग्णांची संख्या दोनशेंच्या घरांत गेली, कांहीं दगावले. अनेकांच्या तपासणींत हा जंतु सांपडला आणि संशयाचें बोट पाण्याकडे वळलें.

यावर उपचार आहेत. रक्तांतील द्रव बदलणें, अथवा इम्युनोग्लोब्युलिन शिरेंतून देणें, यांनीं प्रकृति लौकर सुधारते. मात्र ते पहिल्या दोन आठवड्यांत व्हावे लागतात. बहुतेक रुग्ण सहा महिन्यांत आपल्या पायांनीं चालूं लागतात. श्वास अडखळेपर्यंत घरीं तेल चोळीत बसणें मात्र जिवावर बेततें.

तेव्हां पाणी उकळून प्यावें, मांस पूर्ण शिजवावें. आणि पायांतील बळ अकस्मात् ओसरूं लागल्यास त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. तेथें गेल्यावर, मागल्या पंधरवड्यांत जुलाब झाले होते, हें वैद्यांस सांगण्यास विसरूं नये.