पाटी कुणाची?

(चुडावा इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



बारावीचा निकाल लागला की खाजगी विद्यापीठांची रंगीत पत्रकं येतात. काचेच्या इमारती, हिरवळ, गळ्यात टाय घातलेली पोरं. फीचा आकडा शोधून सापडत नाही. इथून पॅसेंजरनं जावं तर नांदेड, तिथं विष्णुपुरीत १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ उभं आहे. त्याची जाहिरात नाही, म्हणून आपल्या पोरांना वाटतं त्यात दम नाही.

कुणी म्हणेल, बाबासाहेबही कोलंबियात शिकले, ते खाजगीच. खरंय. १९१३ साली गेले. पण पैसा बडोदा संस्थानचा होता. त्यासाठी कुणाच्या आईचं डोरलं गहाण पडलं नव्हतं. औरंगाबादचं मिलिंद कॉलेजही सरकारनं नाही, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली काढलं. तेव्हा मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं, हैदराबादच्या उस्मानियाकडं बघावं लागायचं. ज्यांना दारच नव्हतं त्यांच्यासाठी ते दार होतं. तेव्हा भांडण ‘खाजगी’ या शब्दाशी नाही. दार कुणासाठी उघडलं आणि पैसा कुणाच्या खिशातून जातो, हा सवाल आहे.

१९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग-मेडिकल कॉलेजांचं पेव फुटलं. शिक्षणसम्राट जन्माला आले. देणगीचा धंदा इतका माजला की १९८७ साली कॅपिटेशन फीबंदीचा कायदा करावा लागला. २००५ च्या ९३व्या घटनादुरुस्तीनं खाजगी संस्थांत आरक्षण आणायची मुभा सरकारला दिली. मुभा दिली, सक्ती नाही केली. हा फरक ध्यानात ठेवा.

सरकारी विद्यापीठ म्हणजे स्वर्ग, असं मी म्हणत नाही. रोहित वेमुला २०१६ साली केंद्रीय विद्यापीठातच गेला. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, तासिकेवरच्या मास्तरांवर गाडा चाललाय. पण तिथं आपण रोस्टर मागू शकतो, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू शकतो, गेटवर मोर्चा नेऊ शकतो.

२७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना मारलं. १९९३ साली नांदेडात गौतम वाघमारेनं स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला पाटीवर बाबासाहेबांचं नाव लागलं. खाजगी विद्यापीठाच्या नावासाठी हा लढा उभा राहिला असता? मालक म्हणाला असता, जागा माझी, पाटी माझी, तू कोण? सरकारी विद्यापीठात ‘तू कोण’ला आपल्याकडं उत्तर आहे.

तरी एखादा कोर्स फक्त खाजगीतच असेल, तर जरूर जा. पण आधी चार गोष्टी लेखी मागा. सगळ्या वर्षांची मिळून फी किती? भारत सरकारची शिष्यवृत्ती इथं लागू आहे का? आमच्या जागा किती? यूजीसीच्या यादीत नाव आहे का? छत्तीसगडात २००२ च्या कायद्याखाली शंभरावर खाजगी विद्यापीठं निघाली, काहींना धड इमारत नव्हती. फेब्रुवारी २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती मोडीत काढली. तिथं नाव घातलेली पोरं लटकली. जो लेखी देत नाही, त्याच्या दारात बापाची कमाई ओतू नका.

आणि जे विष्णुपुरीला किंवा औरंगाबादला जाल, ते नुसती डिग्री घेऊन गुपचूप परतू नका. रिकाम्या जागा मोजा. अडलेल्या शिष्यवृत्तीचा जाब विचारा. रक्त देऊन मिळवलेलं घर गळतंय म्हणून सोडायचं नसतं, शाकारायचं असतं.

जय भीम!