मालट्रकचा विमा आणि हौद्यातली माणसे
(पेठ वडगाव येथील भाषण)



आपल्या समाजातील बरीच मुले आज टेम्पो-ट्रकवर चालक आहेत. काहींनी कर्ज काढून स्वतःची गाडी घेतली आहे. आम्ही बँकेत काम करणारी माणसे. कर्जाच्या कागदांत विम्याची पॉलिसी रोज हाताळतो. पण ती वाचणारे फार थोडे दिसतात, म्हणून आज हा विषय घेतला.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. हा सक्तीचा विमा म्हणजे 'थर्ड पार्टी' विमा. आपल्या गाडीमुळे रस्त्यावरचा माणूस मेला वा जखमी झाला, तर त्याची भरपाई यातून मिळते. आपल्या ट्रकचे पत्रे चेपले, तर यातून एक पैसा मिळत नाही. त्यासाठी वेगळा हप्ता भरून संपूर्ण विमा घ्यावा लागतो आणि कर्ज असेपर्यंत बँक तोच मागते.

थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवते. तो गाडीच्या आणि मालाच्या मिळून एकूण वजनावर असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरात भाडोत्री मालगाडीला ७,५०० किलोपर्यंत वर्षाला १६,०४९ रुपये, १२ ते २० टनांपर्यंत ३५,३१३ रुपये आणि ४० टनांवर ४४,२४२ रुपये होते. वर कर वेगळा. गाडी वडगावची असो की राजस्थानच्या वाळवंटातली, हा दर एकच. मात्र स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता कंपनीगणिक कमी-जास्त असतो. तिथे चार ठिकाणी चौकशी जरूर करावी.

हप्ता जड वाटतो हे खरे. पण विमा नसताना अपघात झाला, तर भरपाई मालकाच्या घरादारावर येते. हप्त्याचा चेक न वटता परत आला, तर कंपनी पॉलिसी रद्द करू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

आता मुख्य मुद्दा. लग्नाचे वऱ्हाड, जत्रा, सभा असली की आपण टेम्पो ठरवतो आणि बायका-मुलांसह हौद्यात बसतो. वाठारला महामार्ग लागला की गाडी सुसाट निघते. पण मालगाडीत फुकट वा भाडे देऊन बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात दिला आहे. १९९४ च्या दुरुस्तीने मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी मालासोबत असेल तर त्याला संरक्षण मिळाले, वऱ्हाडाला नाही. म्हणजे रस्त्याने जाणारा अनोळखी माणूस सुरक्षित, आणि हौद्यातली आपली माणसे मात्र उघडी! भरपाई टेम्पोवाल्याकडून मागायची, आणि तो बहुधा आपल्यासारखाच कर्जात बुडालेला.

चालक, क्लीनर आणि हमाल यांची गोष्ट वेगळी. ते प्रवासी नव्हेत, कामगार आहेत. त्यांची जबाबदारी पॉलिसीत घेता येते. म्हणून गाडीवर कामाला जाणाऱ्या तरुणाने मालकाला निःसंकोच विचारावे, "पॉलिसीत किती माणसे धरली आहेत?" हा उद्धटपणा नव्हे, हक्क आहे.

दुर्दैवाने अपघात झालाच, तर पोलिसांत नोंद करावी, गाडीचा नंबर आणि पॉलिसीचा तपशील घ्यावा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा. आपण राहतो त्या भागातील न्यायाधिकरणातही तो करता येतो. पळून गेलेली गाडी सापडलीच नाही, तरी मृत्यूस २ लाख आणि गंभीर दुखापतीस ५० हजार रुपये देण्याची योजना १ एप्रिल २०२२ पासून आहे. अज्ञानामुळे कोणाचा हा हक्क बुडू नये.

विद्यार्थ्यांना एवढीच विनंती, की घरातल्या गाडीची पॉलिसी आज रात्री काढून मोठ्याने वाचा. मुदत कधी संपते, माणसे किती धरली आहेत ते वडिलांना सांगा. आणि पुढच्या वऱ्हाडाला वर्गणी थोडी वाढली तरी चालेल, पण प्रवासी परवान्याचीच गाडी ठरवूया.

जयभीम!