एकट्याचे बिऱ्हाड



मुंबईत एकट्याने राहणारा पगारदार माणूस, मग तो बँकेतला कारकून असो, परिचारिका असो की शिक्षिका असो, त्याने राहावे कोठे? हा प्रश्न आज आपल्यापुढे ठेवावा असे आम्ही ठरविले आहे. पगारवाढीसाठी आम्ही आयुष्य घालविले. पण वाढलेला पगार भाड्यात जात असेल, तर ती वाढ कामगाराची नव्हे, घरमालकाची.

प्रथम हिशेब मांडू. दरमहा ४० हजार मिळविणारा माणूस घ्या. एक तृतीयांश पगार भाड्याला दिला तरी तेरा हजारांपुढे त्याचा हात पोचत नाही. ३० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढले, तर हप्ता २६ हजार पडतो. नवरा-बायको दोघे मिळवीत असतील तर हा हप्ता निभेल. एकट्याला तो गळफास होय.

असा माणूस स्वतःला मध्यमवर्गीय म्हणवितो. पण म्हाडाच्या सोडतीत, २०२२ च्या मर्यादांप्रमाणे, मुंबई महानगर प्रदेशात वर्षाला ६ लाखांपर्यंत मिळविणारा अत्यल्प उत्पन्न गटात बसतो व ९ लाखांपर्यंतचा अल्प गटात. उत्पन्न मोजताना अर्जदाराचे व त्याच्या जोडीदाराचेच धरतात, आईबापांचे नाही. तेव्हा लाज सोडा आणि अर्ज करा. पण सोडत म्हणजे नशीब. नशिबावर बिऱ्हाड मांडता येत नाही.

म्हणून भाड्याकडे वळू. येथे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे ५५ वे कलम पाठ करावे असे आहे. करार लेखी व नोंदलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी झाली नसेल, तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्याच, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. "अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी कशाला?" असे म्हणणाऱ्या दलालाला हे कलम दाखवा. वसतिगृहात राहणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. माणशी महिना २० हजारांपर्यंत आकार असेल आणि मुक्काम सलग ९० दिवसांचा असेल, तर जुलै २०२४ पासून त्यावर जी.एस.टी. नाही. पावती तपासून घ्या.

परंतु कायदा भाडेकरूला आधार देतो. खोली देत नाही. खोली कोण देणार? याचे उत्तर याच शहराने पूर्वी शोधले होते. गिरणगावात कोकणातल्या गावांनी गावकीच्या खोल्या घेतल्या. गोव्याच्या गावांनी धोबीतलावाच्या आसपास 'कूड' चालविले. बोटीवरचा खलाशी दोन सफरींच्या मधले दिवस तेथे काढी. माणसे दाटीने राहत, पाळीपाळीने झोपत. त्या हालांचे गोडवे आम्ही गाणार नाही. पण त्या व्यवस्थेतले एक तत्त्व सोन्यासारखे होते. माणूस येई, माणूस जाई. खोली मात्र गावाची राही. तिचा व्यापार होत नसे.

गावाच्या जागी आता सहकारी संस्था उभी करावयाची आहे. १९१५ साली गावदेवीत सारस्वत मंडळींनी सहकारी गृहसंस्था काढली, तेव्हा तोही अनेकांना वेडेपणाच वाटला असेल. आमची सूचना अशी. जमीन सरकारने वा महापालिकेने दीर्घ भाडेपट्ट्याने द्यावी. इमारत संस्थेच्या मालकीची. प्रत्येकाला स्वतःची कुलूपबंद खोली व न्हाणीघर, आणि खानावळ तेवढी सामाईक. सभासदाने भाडे भरावे. जाताना अनामत परत घ्यावी, पण खोली विकू नये. विक्री सुरू झाली की दहा वर्षांत तेथे पुन्हा धनिकाचीच पाटी लागेल.

पैसा कोठून, असे कोणी विचारील. पगारदारांच्या पतसंस्थांतून काही उभा राहील. उरलेल्यासाठी सरकारकडे भांडावे लागेल. केंद्राच्या २०२४ च्या शहरी आवास योजनेत परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र भाग आहे. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे पावणेपाच लाख घरे रिकामी आढळली होती. म्हणजे विटा कमी पडल्या नाहीत. त्या कोणासाठी रचावयाच्या, हे ठरविण्यात एकट्या माणसाला कोणी विचारले नाही.

एकटा माणूस म्हणजे अर्धे कुटुंब नव्हे. तो पुरा कर भरतो, पुरे काम करतो, आणि थकून आल्यावर त्यालाही पुरे दार लावून घ्यावयाचे असते. हे दार एकट्याने मागून मिळणार नाही. एकट्यांनी एकत्र येऊन मागितले पाहिजे.