वाढलेले कोलेस्टेरॉल आणि मंदावलेली अवटु ग्रंथी

रक्ततपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेले आढळले की दोष प्रथम ताटातील तूप-तेलाला दिला जातो. आहाराचा वाटा त्यात असतोच. परंतु काही वेळा मूळ कारण ताटात नसून गळ्यात असते. कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून असलेली फुलपाखराच्या आकाराची अवटु ग्रंथी, म्हणजेच थायरॉइड, हे ते स्थान होय.

कोलेस्टेरॉल तयार करण्यात यकृताचा वाटा मोठा असतो आणि रक्तातील कोलेस्टेरॉल परत उचलून घेण्याचे कामही मुख्यतः यकृतच करते. त्यासाठी यकृताच्या पेशींवर विशिष्ट ग्राहक असतात. अवटु ग्रंथीचे संप्रेरक कमी पडले की हे ग्राहक घटतात. बाजारात माल येत राहावा आणि तो उचलणारे हमाल मात्र कमी व्हावेत, तशी स्थिती होते. ‘एलडीएल’ हे अपायकारक कोलेस्टेरॉल रक्तात साचू लागते आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांना धोका निर्माण होतो. अवटु ग्रंथीच्या आजच्यासारख्या रक्तचाचण्या नव्हत्या, त्या काळी डॉक्टर तिच्या मंदपणाचे अनुमान कोलेस्टेरॉलवरूनही करीत असत.

ग्रंथी किंचित मंदावली की मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी तिला अधिक जोराने चालना देते. त्यामुळे रक्तातील ‘टीएसएच’ वाढते. अवटु संप्रेरक मात्र अद्याप नेहमीच्या प्रमाणात असते. हीच सौम्य अवस्था होय. ती स्त्रियांत व उतारवयात अधिक आढळते. थकवा, बद्धकोष्ठ, थंडी न सोसणे अशी लक्षणे असतात किंवा नसतातही.

टीएसएचचे प्रमाण सर्वसाधारणपणे ०.४ ते ४ असते. ते १० च्या वर गेल्यास कोलेस्टेरॉलवरील परिणाम अधिक स्पष्ट दिसतो. ४ ते १० च्या दरम्यान तो बहुधा अल्प असतो. म्हणून दोन्ही टोके टाळणे इष्ट ठरते.

पहिले टोक दुर्लक्षाचे. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधे सुरू करण्यापूर्वी टीएसएच तपासून घेणे श्रेयस्कर. कारण ग्रंथीच्या मंदपणावर उपचार न करता ही औषधे घेतल्यास स्नायूंना इजा होण्याचा संभव वाढतो.

दुसरे टोक घाईचे. किंचित वाढलेले टीएसएच अनेकदा आपोआप पूर्वपदावर येते. म्हणून दोन-तीन महिन्यांनी फेरतपासणी करावी. पासष्टी गाठलेल्या ७३७ रुग्णांवरील एका युरोपीय चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. सौम्य मंदपणात गोळ्या देऊनही त्यांच्या लक्षणांत फरक पडला नाही. उलट मात्रा अधिक झाल्यास हृदयाचे ठोके अनियमित होतात व हाडे झिजतात. गर्भवती स्त्रियांची गोष्ट वेगळी. त्यांनी विनाविलंब डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

गलगंडाविरुद्ध देशव्यापी कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. त्यातून आलेले आयोडीनयुक्त मीठ आवश्यकच आहे. तथापि, आज ग्रंथी मंदावण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच तिच्यावर केलेला आघात. त्यावर जास्त मीठ खाणे हा उपाय नव्हे. त्याने रक्तदाब मात्र वाढेल.

गावातील शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या शब्दाला मान असतो. शेजाऱ्याची गोळी पाहून स्वतः गोळी घेऊ नये, सुरू असलेली मनाने बंद करू नये आणि कोलेस्टेरॉल वाढल्यास डॉक्टरांना अवटु ग्रंथीविषयी अवश्य विचारावे, एवढे त्यांनी लोकांना सांगितले तरी अनेकांचा योग्य उपचाराचा मार्ग सुकर होईल.