ऊन तेच, मग ऊब कमी का?



वाळवणाचे दिवस आले की आपण म्हणतो, सूर्य डोक्यावर आला. हे अक्षरशः खरे आहे. सांगलीस ७ मेच्या आणि साताऱ्यास १० मेच्या सुमारास, दुपारी साडेबाराला अंगणात मुसळ सरळ उभे धरावे. त्याची सावली बुडाशीच नाहीशी होते. तेच चार फुटी मुसळ २२ डिसेंबरला धरले, तर भर दुपारीही सावली जवळजवळ साडेतीन फूट पडते.

पुष्कळजणींना वाटते, उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो. खरे म्हणजे पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या आरंभी, सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटरांवर. जुलैच्या आरंभी हे अंतर १५ कोटी २० लाख होते. म्हणजे आपण शेकोटीशी बसतो तेव्हाच तो जवळ!

याचा उलगडा पोळपाटावर होतो. दिवा मालवून बॅटरीचा झोत पोळपाटावर सरळ वरून पाडा. पुरीएवढे लख्ख वर्तुळ दिसेल. बॅटरी तिरपी करा. उजेड तेवढाच, पण लांबट पसरून फिका होतो. डिसेंबरात सांगलीस सूर्य फार तर पन्नास अंश वर चढतो, आणि हातभर जागेचे ऊन सव्वा हाताहून अधिक जागेवर पसरते. लंडनला तो पंधराच अंश चढतो. तेथे तेच ऊन जवळजवळ चार हातांवर! शिवाय तिरप्या किरणांना हवेतून अधिक वाट काढावी लागते, आणि दिवसही लहान. (महाबळेश्वरचा गारवा निराळा. ते साताऱ्याच्या किंचितच उत्तरेस आहे, पण सुमारे साडेचार हजार फूट उंचावर.)

आता आपल्या वसतिगृहाच्या सौर बंबाविषयी. पौषात पाणी कोमट येते, पहाटे कामावर जाणाऱ्या मुलींचे हाल होतात, म्हणून तो काढून टाकावा असा ठराव आहे. मी गच्चीवर जाऊन पाहिले. बसवणाऱ्याने त्याची काच जवळजवळ आडवीच ठेवली आहे. ती दक्षिणेकडे तोंड करून तीसेक अंश उचलली, तर डिसेंबरातील दुपारचे किरण तिच्यावर जवळजवळ काटकोनात पडतील. मे महिन्यात उष्णता थोडी कमी मिळेल. पण तेव्हा कढत पाणी हवे कोणाला? खर्च काय तो मागचे लोखंडी पाय वाढवण्याचा.

मत देण्यापूर्वी पोळपाट एकदा पाहाच. बॅटरी मी आणली आहे, खिडक्या तेवढ्या लावून घ्या.