आधी ओल बघा, मग रंग

मी बेळगावहून बोलतोय. तोफखान्यात अठ्ठावीस वर्षं काढली, निवृत्त झालो आणि इथं घर बांधलं. त्या घराला अकरा दारं. त्यातली सात मला दोनदा करावी लागली. आजचा विषय घरासाठी लाकूड घेण्याचा आहे, आणि मी तो शिकलो तो या सात दारांवर. चूक कुणाची होती, तेही आधीच सांगतो. माझी.

फेब्रुवारीत मेस्त्रींना घेऊन मी वखारीत गेलो. लाकडाचा रंग सुरेख, सोनेरी. मालक म्हणाले, "पक्का बर्मा टीक, साहेब." मेस्त्रींनी एक तुकडा उचलला, तोलला, खाली ठेवला आणि हळूच म्हणाले, "जड लागतंय. आत पाणी आहे. एक पावसाळा जाऊ द्या." पण मला अक्षय्य तृतीयेला गृहप्रवेश करायचा होता. मी म्हटलं, "मेस्त्री, तारीख बदलणार नाही." हुकूमच दिला म्हणा ना. ते गप्प बसले.

मे संपता संपता दारांचे सांधे उघडले, चौकटींना पीळ पडला. जुलैत पावसानं तीच दारं फुगली. एका सकाळी माझी आई, वय ऐंशीच्या पुढे, न्हाणीघरात अडकली. दार ना आत ढकलता येई, ना बाहेर ओढता येई. अर्ध्या तासानं मेस्त्री पटाशी घेऊन आले आणि दार सोडवलं. "मी सांगितलं होतं" असं ते एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

खरं तर मला हे ठाऊक असायला हवं होतं. बदलीच्या वेळी सामान न्यायच्या लाकडी पेट्या प्रत्येक फौजी घरात असतात. आमच्या पेटीचं झाकण जोधपूरला खडखडायचं आणि आसामात गेलो की लाथ मारल्याशिवाय उघडत नसे. लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं. ताज्या लाकडातली ओल साधारण तीस टक्क्यांच्या खाली उतरली की ते आक्रसायला लागतं, तेही लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत जास्त. म्हणून दारं फसतात.

तर पहिली गोष्ट ओल. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस २८७ या मानकात देशाचे हवामानाप्रमाणे चार विभाग केले आहेत. ढोबळ हिशेब असा: राजस्थानसारख्या कोरड्या भागात दारांच्या लाकडात दहा टक्क्यांच्या आसपास ओल चालते, किनारपट्टीवर चौदा-पंधरा टक्के चालते. म्हणजे मंगळूरला बरोबर असलेलं लाकूड इंदूरला ओलं ठरू शकतं. ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं, दोन सुया टोचायच्या. पण ते ओंडक्याच्या टोकाला लावू नका, टोक आधी वाळतं. मधोमध ताजा काप घ्यायला सांगा आणि तिथं मोजा. यंत्र नसेल तर एक तुकडा घरी आणा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा करा. वजन चांगलंच उतरलं, तर लाकूड अजून वाळतंय.

दुसरी गोष्ट गाभा. सागाचा टिकाऊपणा आतल्या तपकिरी-सोनेरी गाभ्यात असतो. सालीलगतचा पांढरट भाग सागाचाच असला तरी किडीला तोंड देत नाही. माझ्या चौकटींच्या कडांना तेल आणि रंग लावून तो भाग झाकलेला होता. वर्षभरात तिथून पिठासारखा भुसा पडू लागला. म्हणून तेल-पॉलिश लावलेलं लाकूड घेऊ नका. रंधा मारून दाखवा म्हणा.

तिसरी गोष्ट माप. तुम्ही पाच इंच बाय तीन इंच चौकटीचे पैसे देता. हातात येते ती प्रत्येक बाजूला दोन सूत कमी, म्हणजे पावणेपाच बाय पावणेतीन. दोन सुतांनी काय होतं? जवळजवळ तेरा टक्के लाकूड कमी होतं. करवतीत आणि रंध्यात थोडं जाणारच, पण दर कच्च्या मापाचा आहे की तयार मापाचा, हे आधी ठरवा. टेप खिशात ठेवा, लाजू नका.

चौथी गोष्ट नाव आणि कागद. म्यानमारनं २०१४ मध्ये सागाच्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. आज बाजारात पुष्कळसा साग आफ्रिकेतून आणि दक्षिण अमेरिकेतून येतो, आणि त्यातला काही चांगलाही असतो. पण 'बर्मा' म्हटलं की कागद मागा. देशी साग हवा असेल तर आमच्या जवळ दांडेलीला, विदर्भात बल्लारशाहला वनखात्याचे डेपो आहेत, तिथं लिलाव होतो. ओंडक्यावर हातोड्याची खूण असते. पावती आणि वाहतूक परवाना जपून ठेवा.

आणि सगळीकडे सागच कशाला? बाहेरचं दार आणि न्हाणीघराची चौकट इथं पैसा घाला. आतल्या कपाटाला स्वस्त, पण वाळलेलं लाकूड चालतं. ओल्या सागापेक्षा वाळलेलं साधं लाकूड बरं.

शेवटचं सांगतो. पाया खणायच्या आधी लाकूड घ्या. सावलीत, जमिनीपासून वर, प्रत्येक थरात आडव्या पट्ट्या घालून रचून ठेवा. टोकांना रंग लावा, म्हणजे चिरा कमी पडतील. घर उभं राहीपर्यंत ते तुमच्या गावच्या हवेला सरावेल.

दुसऱ्या वेळी मी तसंच केलं. वखारीत मेस्त्रींना पुढं केलं आणि मी मागं उभा राहिलो. त्यांनी तीन गठ्ठे नाकारले, चौथा घेतला. आता पाच पावसाळे झाले. आईच्या न्हाणीघराचं दार एका बोटानं उघडतं.

तुमच्याकडेही असे एखादे मेस्त्री असतील. ते "थांबा" म्हणाले, तर थांबा.

जय हिंद.